लिफ्टच्या टपावरचा डबा

धाकल्या, ताईचं व्याख्यान म्हणून हे बाजूला टाकू नकोस. आधी वाच, मग काय कुरकुर करायची ती कर.

लिफ्टा दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला. हाताला ग्रीस, गळ्यात टॉर्च आणि तोंडात सतत काहीतरी चघळायला. स्वतःच्या लग्नात नवरदेव दिसेना, तेव्हा तू स्वयंपाकघरात सापडलास! आणि आज भावजय फोनवर रडत सांगते, की तू इतका वाळलायस की तुझ्या पट्ट्याला पुन्हा नवं भोक पाडावं लागलं.

त्या दुपारी तू लिफ्टच्या टपावर जेवायला बसलास. डब्याचं झाकण खट्‌कन निघालं आणि त्याच क्षणी ब्रेक सुटून लिफ्ट खाली घसरली. मधेच अडकली म्हणून वाचलास. साधं खरचटलंही नाही. डबा मात्र तिथेच टपावर टाकून आलास. "विसर आता," म्हणाले सगळे. विसरायला ती काय छत्री आहे?

तेव्हापासून झाकण वाजलं की तुझा घास तोंडातल्या तोंडात फिरतो. भावजय तर आता घरातले डबे फडक्यात गुंडाळून उघडते. कपाळ माझं! अशाने भीती जाते की पोसली जाते?

मी तुला समजावलं होतं. मेंदूत बदामाएवढा एक पुंजका असतो, धोका ओळखणारा. तो ओरडला की भुकेच्या पेशी गप्प होतात, कारण पळायच्या वेळी जेवत बसायचं नसतं. तुझ्या बदामाने झाकणाचा आवाज आणि ती घसरण यांची गाठ मारून ठेवलीय.

"म्हणजे सेफ्टीचं सर्किट तुटलंय," तू म्हणालास. "एक दार नीट लागलं नाही, तर मोटर धडधाकट असूनही लिफ्ट हलत नाही. मग मार ना जंपर, ताई! तार जोडायची, दार चुकवायचं."

"मेंदूला जंपर मारत नाहीत, गाढवा. दारच लावावं लागतं."

म्हणजे ते झाकण पुन्हा पुन्हा वाजू द्यायचं, आणि काही होत नाही हे त्या बदामाला पटू द्यायचं. आपलं ठरलं होतं: दोघांनी जाऊन तो डबा खाली आणायचा, तिथेच पायरीवर बसून उघडझाप करायची. मी गुडघे दुखत असताना इमारतीच्या फाटकाशी येऊन उभी राहिले. तुझा फोन आला, "ताई, टपावर जायचं तर आधी मशीनरूममधून लिफ्ट बंद करावी लागते, आणि तिथल्या किल्ल्याच सापडत नाहीयेत गं."

किल्ल्या तुझ्या कमरेला खुळखुळत होत्या. मला फोनवर ऐकू येत होत्या.

त्यानंतर मी दोनदा विचारलं. "बघू," म्हणालास. डबा अजून वरच आहे.