ग्रीक पानावरचा एक शब्द

नोकरीत शेकडो गुन्हे हाताळले. त्यातले बहुतेक आता धूसर झाले आहेत. हे एक प्रकरण मात्र मनातून गेलेले नाही. ते आठवले की आजही थोडे अवघडल्यासारखे होते, म्हणूनच लिहून काढतो आहे. नाव कोणाचेही घेणार नाही.

निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. नागपूर शहरातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो असताना एका जुन्या ग्रंथालयाचे व्यवस्थापक आले. सोबत एक बाई होत्या, मूळच्या पुण्याच्या, पण परदेशातल्या विद्यापीठात जुन्या ग्रीक हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या. व्यवस्थापकांनी टेबलावर काचेची एक चौकट ठेवली. आत एक पिवळट पान होते, त्यावर ठसठशीत अक्षरे.

“हे चोरीला गेलंय,” व्यवस्थापक म्हणाले.

“हे तर माझ्यासमोर आहे.”

“हे ते नाही,” बाई म्हणाल्या. “ही नक्कल आहे.”

मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. शंभरेक वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने इजिप्तमध्ये बायबलचे एक सुटे पान विकत घेतले आणि इथल्या ग्रंथालयाला दिले. कागद नव्हे, कातडे. त्यावर दीडेक हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हाताने ग्रीकमध्ये लिहिलेले. दोन शब्दांमध्ये जागा न सोडता सलग अक्षरे. बाई आणि त्यांचे दोन सहकारी वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात त्या पानाचे फोटो घ्यायला आले होते. त्या प्रकाशात पुसलेली शाईही दिसते म्हणे. आदल्या दिवशी त्यांनी चौकट उघडली आणि पानाला हात लावताच बाईंना कळले की कातडे नवे आहे.

फिर्याद नोंदवली. पोलिसाची पहिली सवय म्हणजे फिर्यादीवरही संशय घेणे. ही बाई परवा आली आणि कालच चोरी उघडकीला आली. अदलाबदल हिनेच कशावरून केली नसेल? मी तिघांना शहर न सोडण्याची विनंती केली. खरे तर तो हुकूमच होता. बाईंनी तो शांतपणे मानला. निरपराध माणसे सहसा चिडतात, ही शांत का, म्हणून माझा संशय आणखी वाढला. संशय ही अशी गोष्ट आहे, तिला काहीही खायला चालते.

कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असे, ग्रंथपालाकडे. तो नागपूर जिल्ह्यातल्या कुहीजवळच्या गावचा शेतकऱ्याचा मुलगा, पन्नाशीचा, बावीस वर्षे तिथेच नोकरीत. ते पान बघायला नेहमी येणारे असे एकच, एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना आपण सर म्हणू. ग्रीक वाचू शकणारा दुसरा माणूस आमच्या माहितीत तरी शहरात नव्हता. तीस वर्षांपूर्वी त्यांनी या पानावर लेख लिहिला होता आणि परदेशी अभ्यासकांनी त्याची दखल घेतली होती. तपासात मदत व्हावी म्हणून मी त्यांनाच ठाण्यात बोलावले. पांढरी दाढी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, हलका आवाज. चहा घेताना ते म्हणाले, “मी कोणावर आरोप करत नाही. पण गेल्या महिन्यात ग्रंथपाल कापडात गुंडाळून काहीतरी घरी नेत होता, ते मी पाहिलंय.”

‘मी कोणावर आरोप करत नाही’ असे म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात आरोप करतो, हे मी नोकरीभर पाहिले होते. तरी त्या दिवशी ते माझ्या ध्यानात आले नाही, कारण मला जे ऐकायचे होते तेच सर सांगत होते.

ग्रंथपालाला चौकशीला बोलावले.

“कापडात गुंडाळून काय नेलं?”

“काही नाही, साहेब.”

“सरांनी पाहिलंय.”

त्याने वर पाहिले. “सरांनी सांगितलं?” मग खाली बघत म्हणाला, “माझा डबा असन, साहेब.”

तो खोटे बोलतो आहे हे शेंबड्या पोरालाही कळले असते. मान खाली, अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावर घासत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले. पहिल्या दिवशीचे ‘तुम्ही’ जाऊन ‘तू’ आले होते. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. हात मात्र लावला नाही, पण हे आज अभिमानाने सांगण्यासारखे काही नाही.

“मी काहून चोरीन, साहेब? बावीस वर्षं झाली, त्या कपाटाची राखण करून राहिलो. मले तर त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.”

“विकायला वाचता यावं लागत नाही.”

त्यावर त्याने तोंड फिरवले. मला वाटले, वर्मी घाव बसला.

तिसऱ्या दिवशी कुही ठाण्याला कळवून आम्ही त्याच्या गावी घराची झडती घेतली. आतल्या खोलीत दगडी पाट्याखाली कापडात गुंडाळलेले काहीतरी दाबून ठेवलेले होते. आमच्या हवालदाराने पाटा उचलला. कापडात ग्रंथालयाची तीन पुस्तके निघाली, पाठीला ताजी खळ लावलेली, दोऱ्याने शिवलेली. ग्रंथालय डागडुजीला पैसे देत नसे, म्हणून हा माणूस फाटकी पुस्तके घरी आणून स्वतः बांधत होता. पुस्तक बाहेर नेणे नियमात बसत नव्हते. नोकरी जाईल या भीतीने तो खोटे बोलला होता.

एवढे समोर असूनही मी त्याला संशयातून वगळले नाही. मनात म्हटले, तीन पुस्तके नेणारा चौथी वस्तूही नेऊ शकतो. व्यवस्थापकांना माझा अहवाल गेला आणि त्यांनी त्याला निलंबित केले. पान मात्र सापडले नाही. जुन्या वस्तूंचे व्यापारी तपासले, खबऱ्यांना कामाला लावले, सावनेरच्या एका दलालालाही उचलून आणले. हाती काहीच लागले नाही.

आठव्या दिवशी बाई पुन्हा आल्या. त्यांच्याकडे मूळ पानाचा एक जुना काळा-पांढरा फोटो होता. नक्कल आणि फोटो त्यांनी शेजारी ठेवले.

“साहेब, ही ओळ बघा. एका कुष्ठरोग्यानं येशूसमोर गुडघे टेकले आणि बरं करा म्हणून विनवलं. तेव्हा येशूला त्याचा कळवळा आला, असं जवळजवळ सगळ्या प्रतींत आहे. अगदी मोजक्या जुन्या प्रतींत मात्र ‘राग आला’ असं आहे. दोन्ही ग्रीक शब्दांचा शेवट सारखाच. या पानावर शब्दाची सुरुवात पुसलेली आहे. फोटोत काही दिसतंय?”

मी भिंग लावून पाहिले. नुसता डाग होता.

“आता नक्कल बघा.”

नकलेत त्याच जागी अक्षरे स्पष्ट होती.

“इथं ‘राग आला’ असं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “चोर जे दिसतं त्याची नक्कल करेल. जे दिसतच नाही, ते त्यानं कुठून लिहिलं?”

“मग हे कोणी वाचलं होतं?”

बाईंनी भिंग माझ्या हातातून घेऊन खाली ठेवले. नंतर हळूच म्हणाल्या, “सरांचा तीस वर्षांपूर्वीचा लेख याच शब्दावर होता.”

हा तर्क होता, पुरावा नव्हता. सरांचा लेख वाचून दुसरा कोणीही तसे लिहू शकला असता. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. चौकट टेबलावर उघडी पडली होती. आमच्या हवालदाराने ती वाकून पाहिली. तो भजनी मंडळात ढोलकी वाजवायचा.

“साहेब, हे तर ढोलकीच्या पानासारखं दिसून राहिलं.”

ढोलकीच्या तोंडावर ताणून बसवलेल्या चामड्याला पान म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. हवालदार मला महाल या जुन्या वस्तीतल्या, ढोलकी बनवणाऱ्यांच्या एका अरुंद गल्लीत घेऊन गेला. पहिल्या दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. दुसरा कारागीर साठीचा होता. त्याने नक्कल नाकाशी नेली, मग उजेडात तिरपी धरली.

“बोकडाचं हाय. चुन्याचा वास अजून गेला नाही. सहा महिनेबी झाले नसन.” मग त्याने बोट एका बारीक रेघेवर ठेवले. “हे कुठून आणलं, साहेब? हे तर मीच छिललं हाय.”

“कशावरून?”

त्याने चामडे छिलायची सुरी दाखवली. पात्याला एक लहानशी खाच होती. चामड्याच्या एका तुकड्यावर त्याने सुरी ओढली, तशीच रेघ उमटली.

“कोणी नेलं, आठवतं?”

“आठवते ना. एक म्हातारे सर आले होते. एकदम पतलं पाहिजे म्हणे, अन् दोन्ही बाजू गुळगुळीत. मी म्हटलं, सर, पान तर एकाच बाजूनं वाजते! ते हासले नाही. रोज फोन करून विचारत, झालं का म्हणून.”

त्याच्या मोबाइलमध्ये तो नंबर ‘पतलं चमडं’ या नावाने साठवलेला होता. सरांनी ठाण्यात दिलेला नंबर माझ्या वहीत होता. दोन्ही एकच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही सरांच्या घरी गेलो. ते एकटेच राहत. मी गणवेशात नव्हतो. त्यांनी बसायला सांगितले. मी ती रेघ दाखवली, कारागिराचा जबाब सांगितला आणि विचारले, “सर, नकलेत तो शब्द स्पष्ट का लिहिला?”

त्यांनी चष्मा काढला, परत घातला. “मला तो तसाच दिसतो,” ते म्हणाले. “तीस वर्षं तसाच दिसतोय.”

मग उठून त्यांनी लोखंडी कपाट उघडले. साड्यांच्या एका चळतीखालून, त्या त्यांच्या दिवंगत पत्नीच्या असाव्यात, मलमलीत गुंडाळलेल्या दोन काचा काढल्या. त्यांच्यामध्ये ते पान होते. नकलेपेक्षा कितीतरी मळके, कोपरे झडलेले.

“कोणाला विकणार होता?”

“विकणार?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “तो नवा कॅमेरा येणार होता, साहेब. माझं वाचन चुकलं असं निघालं असतं तर? माझ्याजवळ दुसरं काय आहे?”

“मग जाळून का नाही टाकलं?”

“दोनदा काढलं होतं जाळायला. पण कोण्या माणसानं दिवस दिवस बसून लिहिलंय ते. नाही जाळवलं.”

“आणि ग्रंथपाल? तुमच्या भरवशावर चौकट तुमच्या हाती देऊन तो आपल्या कामाला जायचा, आणि तुमच्यापायी दिवसभर ठाण्यात बाकावर बसला.”

त्यांनी पान काचांसकट टेबलावर ठेवले. पंचनाम्यावर त्यांनी न वाचताच सही केली.

सरांना त्याच दिवशी जामीन मिळाला. पुढे त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. वय पाहून कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. त्याआधी कोर्टाच्या परवानगीने बाईंनी पानाचे फोटो घेतले, आमच्याच ठाण्यात, पंचांसमोर, खिडक्यांना सतरंज्या लावून. निळा, तांबडा, मग डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. संगणकाच्या पडद्यावर त्या डागातून हळूहळू अक्षरे वर आली. मला ग्रीक येत नाही, पण बाईंचा चेहरा वाचता आला.

“कळवळा आला,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या प्रतींसारखंच.”

“म्हणजे सर चुकले.”

“हो. त्या डागावरून कोणीही चुकलं असतं. आम्ही आमच्या लेखात एक तळटीप दिली असती, आणि त्यांचे आभारही मानले असते. एवढंच झालं असतं.”

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात मी सरांना निकाल सांगितला. ते तिथल्या बाकावर बसले. मग विचारले, “शेवटची अक्षरं तरी बरोबर होती ना?”

“होती,” मी म्हणालो. मला खात्री नव्हती, तरी म्हणालो.

ग्रंथपालाची नोकरी परत मिळाली. कागदोपत्री प्रकरण संपले होते. तरी एका रविवारी मी त्याच्या गावी गेलो. लोकांनी पुन्हा पोलीस आले म्हणू नये म्हणून जीप गावाबाहेर उभी केली आणि चालत गेलो. ग्रंथपाल अंगणात होता. मी उभ्यानेच म्हणालो, “मी चुकलो. तुम्हाला विनाकारण त्रास दिला.” तो “जाऊ द्या, साहेब” म्हणत खुर्ची शोधू लागला. त्याची बायको दारात उभी होती. तिने मला बसा म्हटले नाही.

“साहेब, गाडी कुठं हाय तुमची?”

“गावाबाहेर ठेवलीय.”

“त्या दिवशी तर दारासमोर लावली होती. साऱ्या गावानं पाह्यलं. आजबी इथंच लावा. अन् आता जे म्हटलं ते जरा मोठ्यानं म्हणा. लोकायले ऐकू जाऊ द्या.”

मी ड्रायव्हरला फोन केला. जीप दारासमोर आली. माणसे जमली. मी पुन्हा सगळे सांगितले, मोठ्याने. मोठमोठ्या बंदोबस्तात हजारोंच्या जमावासमोर बोललो होतो, पण त्या पंधरावीस माणसांसमोर पहिलेच वाक्य मला दोनदा सुरू करावे लागले.

लोभ, राग, जमीन, बाई, यांपायी गुन्हा करणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. त्यामुळे प्रत्येक गुन्ह्यात मी आधी ‘यातून कोणाला काय मिळणार’ एवढेच बघायचो. ‘कोणाला काय गमवायची भीती आहे’ हे विचारायचे सुचलेच नाही. एका सज्जन, विद्वान माणसाने ‘माझे चुकले’ हे दोन शब्द टाळण्यासाठी चोरी केली आणि दुसऱ्याला चोर ठरू दिले. झडतीत पुस्तके सापडली, त्याच दिवशी माझाही तर्क कोसळला होता. मला ते दिसले होते. तरी ग्रंथपालाविरुद्धचा अहवाल मी सही करून पाठवला, कारण ठाणेदार चुकला असे कोणी म्हणू नये. सरांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केले तेव्हा हे माझ्या मनात होते. माझ्याविरुद्ध ते कोणी दाखल केले नाही, एवढाच आमच्या दोघांत फरक होता.