आठव्या झाडाचा लेप

भूतखेत, करणी, अंगात येणं — असल्या गोष्टींवर मी आयुष्यात विश्वास ठेवला नाही. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. तेव्हा 'बाईंना भास झाला असेल' अशी कमेंट करणाऱ्यांनी हे वाचूच नये...

राहते सावेडीत. शेत केडगावच्या पुढे, स्कूटीवर अर्धा तास. ह्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे केशर आंब्याची बावीस रोपं मीच लावली आणि दोन उन्हाळे पाणी घालून मीच जगवली. बांधापलीकडे धाकटे दीर. वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं नाही. बोलण्यासारखा माणूसही नाही तो.

दसरा झाला आणि एका सोमवारी सकाळी पाहते तर सात रोपांची साल जमिनीपासून चार बोटांवर गोल निघालेली. आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. खाली बसून एकेक बुंधा पाहिला. सशाने कुरतडलं तर दातांचे व्रण दिसतात. वाळवी असती तर मातीचा थर असता. उन्हाने साल तडकते ती पश्चिमेकडून. ही तर चारी बाजूंनी साफ — म्हणजे माणूस. आणि माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको.

तशीच बांधावर गेले. "भाऊजी, वैर माझ्याशी आहे ना? मग माझ्याशी भांडा. मुक्या झाडांचे गळे काय कापताय?"

दीर गोठ्यातून शेणाच्या हातांनी बाहेर आले. "वहिनी, जिभेला काही हाड हाय का? काल तुमीच गवत कापायचं मशीन फिरवत हुता. त्याची नायलॉनची दोरी कुठं कुठं लागली ते बगा आदी."

"मला शिकवू नका," मी म्हटलं. मशीन मी चालवलं होतं खरं, पण ह्या माणसाचं ऐकायला मी काय वेडी आहे? फाटकाला नवं कुलूप घातलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं. आणि सातही जखमांवर चुना-मोरचुदाचा निळसर लेप, अजून ओला. पश्चिमेच्या कडेला एक आठवं रोप होतं. त्याला साधा ओरखडा नव्हता, तरी त्यालाही गुडघाभर लेप. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. दीर बांधावर उभेच होते. त्यांना दिसेल असं मी ओलं पोतं घेऊन आठव्या झाडाचा लेप खसाखसा पुसला.

"तुमचे उपकार नकोत मला. बाकीच्यांना जखम आहे म्हणून ठेवतेय."

ते उघड्या फाटकातून तरातरा आत आले, पहिल्या रोपापाशी वाकले, लेपावर आपला पंजा धरून पाहिला आणि म्हणाले, "मी न्हाई लावलं. ही बोटं बगा."

लेप ब्रशने नव्हे, हाताने ओढला होता. एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा... सातही झाडांवर तसंच.

ऊन आणि कीड लागू नये म्हणून माझे सासरे असाच हाताने लेप लावायचे. फटीत बोटच जातं, ब्रश नाही, म्हणायचे. त्यांचं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलं होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दिराची दहाही बोटं जागेवर आहेत. माझीही.

"मेल्यावर बी तुमचंच करत्यात आबा," दीर म्हणाले आणि थुंकून निघून गेले.

मशीनच्या दोरीत गुंतलेले सालीचे धागे मला त्याच दुपारी सापडले. दिराला मी ते सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

गोल साल निघालेलं झाड जगत नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. ती सातही जगली, यंदा पालवीही आली. धडधाकट आठव्याचा बुंधा एप्रिलच्या उन्हात पश्चिमेकडून उभा तडकला, चिरेत खोडकिडा शिरला आणि महिन्याभरात झाड वाळलं.

सात का जगली, ते मला आजही सांगता येत नाही. आठवं का गेलं, ते मात्र चांगलं ठाऊक आहे.