पाटीपूजनातली बंदूक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या शाळेत पाटीपूजन होतं. सरस्वती काढलेल्या पाट्यांशेजारी सतरंजीवर यंदा फाटकावरच्या रखवालदाराची बंदूकही होती. "शस्त्रपूजाही होऊन जाऊ दे," बाई म्हणाल्या. मुलीने एक झेंडू पाटीवर ठेवला आणि दुसरा बंदुकीवर ठेवायला वाकली.

"बाळा, नळीसमोर नको, या बाजूने ये," रखवालदार हळूच म्हणाले.

बंदूक रिकामी असणार हे कळत असूनही मी एक पाऊल पुढे झालो. नको कसं म्हणणार? आम्हा पालकांनीच फाटकावर बंदूकवाला रखवालदार हट्टाने मागून घेतला होता. शाळेला फाटक असलं की पुरे, असं वाटण्याचे दिवस कधी सरले, कळलंच नाही. मी नुसते हात जोडले.

घरी येताना मुलीने विचारलं, "बाबा, बंदूकवाले काका रोज कुणाची वाट बघतात?"