चार रिबिटं

तोंडात रिबिटं असली की मिस्त्री कुणाशी बोलत नसत. समोर कुणीही येऊन उभं राहो, ते डावा तळहात वर करायचे, थांबा म्हणून, आणि हातातली शेगडी पुरी करायचे. खालच्या ओठाआड धरलेली चार लोखंडी रिबिटं एकेक करून बाहेर यायची आणि पत्र्यात ठोकली जायची. चौथं बसलं की मान वर, आणि मग पहिला प्रश्न, "कुटं ठिवायची?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. त्याला वाटायचं, हा माणूस आधी भाव सांगेल, निदान या-बसा तरी म्हणेल. गावात बरेच जण त्यांना शिष्ट समजायचे. एकदा आमदाराची जीप दुकानासमोर थांबली, आत बसलेल्यांना रस्ता विचारायचा होता. मिस्त्रींनी त्यांनाही तळहात दाखवला. शेवटी मीच खिडकीतून रस्ता सांगितला.

खिडकी म्हणजे आमच्या सोसायटीची. दिंद्रुडच्या बाजाराकडे जाताना सेवा सहकारी सोसायटीची दगडी इमारत लागते, तिच्या भिंतीला टेकून मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं. मी तिथे सेक्रेटरी होतो आणि माझं टेबल बरोब्बर त्या खिडकीपाशी. कामाच्या वेळात मी किती वेळ बाहेर बघतो हे आमच्या चेअरमनला ठाऊक होतं, पण ते आले की तेही तेच करत.

मिस्त्री नवी शेगडी कधी बनवत नसत. भंगारातून, मोडलेल्या चहाच्या गाड्यांवरून, कणसं भाजणाऱ्यांकडून जुन्या शेगड्या आणायच्या आणि ज्याला हवी त्याच्या मापाची करून द्यायची, हा त्यांचा धंदा. उंच शेगडी कापून बुटकी करायची, लहान दार मोठं करायचं. जाळी जळून गेली असेल तर जुन्या सायकलच्या तारा विणून दुसरी बसवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना अशी उचलून नेता येणारी शेगडी लागायची. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की दुकानापुढे रांग लागे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला तोच प्रश्न. कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, बाहेर ठेवणार असाल तर वारा कुठून येतो? आत ठेवणार असाल तर खाली काय आहे, माती का उसाचं वाळलं पाचट? उत्तराप्रमाणे शेगडीचं दार या बाजूला नाहीतर त्या बाजूला व्हायचं, पाय वाढायचे किंवा कापले जायचे.

काम झालं की परीक्षा. शेगडीत निखारे भरायचे आणि ती वर्तमानपत्राच्या एका पानावर ठेवायची. एक विडी ओढून होईपर्यंत कागद पिवळा पडला नाही तर शेगडी पास. हे कागद आमच्या सोसायटीतून जात. त्यामुळे मिस्त्रींच्या कामात आपलाही हात आहे असं मला उगाच वाटायचं.

एका संचालकाच्या मुलानं पुण्याहून एक जुनी बार्बेक्यू आणली होती. चाकं लावलेली, झाकणाची, भारीतली. एक पाय मोडला होता म्हणून ती मिस्त्रींकडे आली. त्यांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, कुटं ठिवायची? मुलगा म्हणाला, शेतात, पार्टीला. चौथ्या दिवशी त्यांनी बार्बेक्यू परत दिली ती चार भक्कम पायांची. काळ्या रानात ही चाकं रुततील आणि निखारे तुमच्या अंगावर येतील, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मुलगा वरमून गेला, चाकं मागायचं त्याला सुचलंच नाही. ती चाकं पुढे एका म्हातारीच्या पाण्याच्या गाड्याला लागलेली मी पाहिली.

तर असे मिस्त्री. पण तोंडात रिबिटं असताना न बोलण्याची सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. आधी ते चांगले गप्पिष्ट होते. कुणी हाक मारली की रिबिटं तळहातावर काढून खिशात टाकायचे आणि बोलत बसायचे. ही सवय एका दुष्काळाची आहे. ती कशी लागली ते गावात दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक मी.

त्या वर्षी विहिरींना तळ दिसला आणि गावात दिवसाआड टँकर यायला लागला. टँकरपुढे घागर धरायची म्हणजे ती गळकी असून चालत नाही. लोकांनी माळ्यावरच्या जुन्यापान्या घागरी खाली काढल्या आणि सगळ्या मिस्त्रींच्या दुकानात आणून टाकल्या. ज्या घरांत मिस्त्रींना एरवी पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं, त्या घरांतल्या घागरीही आल्या. मिस्त्रींनी एकही परत पाठवली नाही. महिनाभर शेगड्या बाजूला पडल्या आणि दुकानातून नवसागराचा धूर निघत राहिला. घागरीला रिबीट चालत नाही, डाख लागतो. कथील वितळवून सांधा भरायचा, की झालं. दिवसाला वीस-वीस घागरींना डाख देऊन मिस्त्रींचा हात त्याच कामाला बसला.

त्यातच टोळ्या निघायची वेळ आली. एक म्हातारी आपल्या मुलाला घेऊन आली. कुटं ठिवायची, या प्रश्नाला तिनं चटकन उत्तर दिलं.

"बाजंखाली. सून आठव्या म्हैन्यात हाय. तिकडं कारखान्यावरच बाळंत व्हईल, शेक द्याया पायजे."

मिस्त्रींनी चहाच्या गाडीवरची एक उंच शेगडी कापून वीतभर उंचीची केली. तळ जळालेला होता, तिथे नवा पत्रा लावायचा होता. पत्रा हलू नये म्हणून त्यांनी कडेला चार ठिकाणी डाखाचे थेंब दिले. हे तात्पुरतं असतं. नंतर भोकं पाडून चार रिबिटं ठोकायची, मग तो तळ जन्मभर जात नाही. रिबिटं त्यांनी ओठात धरली होती.

त्याच वेळी मी माझी घागर घेऊन गेलो. अकराला टँकर यायचा होता, घरात थेंब नव्हता आणि घागरीच्या बुडाला भोक पडलं होतं. मी म्हणालो, मिस्त्री, एवढी माझी आधी करून द्या, टँकर आलाच. त्यांनी रिबिटं काढून खिशात टाकली, "आना भाऊसायब," म्हणाले आणि शेगडी खाली ठेवली. घागर झाली. मी टँकरकडे पळालो. इकडे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजायला लागला, टोळी निघाली होती. म्हातारीचा मुलगा धावत आला, शेगडी तयारच दिसत होती, ती त्यानं उचलली. मिस्त्रींच्या हातात दुसऱ्या कुणाची तरी घागर होती. ना रिबिटं बसली, ना कागदावरची परीक्षा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री सोसायटीत आले. इतक्या वर्षांत ते पायरी चढून आत आले नव्हते. त्यांनी माझ्या टेबलावर मूठ उघडली. चार रिबिटं होती.

"खिशात घावली," ते म्हणाले. "त्या म्हातारीच्या शेगडीचा तळ नुसत्या डाखावर हाय. इस्तू भरला की डाख पघळतो. खाली पाचट, वर बाळंतीन. कंच्या कारखान्यावर गेली ती टोळी?"

टोळीचा मुकादम आमचा सभासद होता, त्यामुळे कारखाना मला माहीत होता. मी तिकडच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा क्लार्क हसला. म्हणाला, इथे हजारो कोप्या आहेत, कुठल्या बाजेखालची शेगडी शोधू? मी एका चिठ्ठीवर मुकादमाचं आणि कारखान्याचं नाव लिहून दिलं. मिस्त्रींनी दुकानाला कुलूप लावलं, हातोडी पिशवीत टाकली आणि स्टँडवर गेले. दारात घागरी तशाच पडून राहिल्या. गावानं त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. मीही गप्प बसून ऐकल्या.

ते महिनाभरानं परतले. हाताला फोड आलेले, चेहरा करपलेला. संध्याकाळी सोसायटी बंद करून मी त्यांच्या दुकानात बसलो, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पुन्हा कधी सांगितलं नाही.

टोळी सापडायला नऊ दिवस लागले. टोळ्या एका फडावरून दुसऱ्या फडावर हलतात. मुकादमाचं नाव सांगून कुणाला कळेना, म्हणून मिस्त्री कोप्यांपुढच्या शेगड्या बघत जात होते. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशीच सून बाळंत झाली होती, दिवसांच्या आधी. आणि त्या दिवशी सकाळी पहिला शेक. म्हातारीनं निखारे भरले, वर ओवा टाकला, शेगडी बाजेखाली सरकवली. थोड्या वेळानं तळ सुटला. निखारे पाचटावर पडले, पाचटानं पेट घेतला, बाजेची सुंभं जळायला लागली. बाळंतिणीनं लेकराला ओढून जवळजवळ बाहेर फेकलंच. त्यात तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. म्हातारीनं अंघोळीच्या पाण्याचा हंडा तसाच ओतला म्हणून कोपी वाचली. लेकराला काही झालं नव्हतं.

मिस्त्री दुपारी तिथे पोचले तेव्हा सगळे ओल्या राखेत बसले होते. त्यांना वाटत होतं, शेगडी जुनी होती, नशीब आपलं. मिस्त्रींनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी खिशातून रिबिटं काढली आणि सांगितलं, ही बसवायची राहिली, चूक माझी आहे. मुलगा उठून अंगावर आला. म्हातारीनं त्याला हातानं मागं केलं. तिनं काळी पडलेली शेगडी आणि सुटलेला तळ मिस्त्रींपुढे ठेवला.

"आता बसवा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी बसवली. सगळी टोळी बघत होती. मग निखारे भरून शेगडी कागदावर ठेवली. त्या दिवशी विडी न ओढता ते कागदाकडे बघत राहिले. कागद पांढराच राहिला तेव्हा म्हातारीनं शेगडी उचलली आणि पुन्हा सुनेच्या बाजेखाली नेली. दुसरी शेगडी त्यांच्याकडे नव्हती. मिस्त्री पुढचे पंधरा दिवस तिथेच राहिले. म्हातारीला आता सून आणि लेकरू दोन्ही बघायचं होतं, तर तिच्या वाट्याच्या उसाच्या मोळ्या मिस्त्रींनी बांधल्या. त्यांच्या मोळ्या ट्रॅक्टरवर चढवताना सुटायच्या आणि टोळीतल्या बायका पोट धरून हसायच्या, हे सांगताना तेही जरा हसले.

मी विचारलं, "असं कसं विसरलात मिस्त्री?"

हा प्रश्न मी का विचारला ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी माझी घागर आठवून द्यावी असं वाटत होतं की देऊ नये असं, हेही नाही. ते रस्त्याकडे बघत होते. "ध्यान न्हवतं," एवढंच म्हणाले. मी मान हलवली आणि घरी गेलो.

त्या दिवसापासून तळहात वर व्हायला लागला. पुढे पुन्हा दुष्काळ आला, पुन्हा टँकर आला. मी दुसरी घागर घेऊन गेलो तर त्यांच्या ओठात रिबिटं होती. तळहात पाहून मी थांबलो. टँकर आला आणि गेला. घरी बोलणी खावी लागली, ती मी खाल्ली.

मिस्त्री थकले तेव्हा दुकान बंद झालं. त्यांच्या वस्तीत मी पहिल्यांदा गेलो तो त्यांच्या आजारपणात. तोवर मीही निवृत्त झालो होतो. भिंतीकडे तोंड करून ते बाजेवर पडले होते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, पावसाचं, सोसायटीचं. मग एकदाचं बोललो, "मिस्त्री, त्या दिवशी मधे घागर आणली तो मी होतो."

ते माझ्याकडे वळले.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. मग विचारलं, "गळती का ती?"

"नाही."

"मंग झालं."

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते गेले. मला इतकी लाज वाटली होती की त्यांच्या मातीला मी मागेच उभा राहिलो. जिथे दुकान होतं तिथे आता मोबाईल रिचार्जचं खोपटं आहे आणि सोसायटीची ती खिडकी कुणीतरी बंद करून टाकली आहे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. त्या दिवशी टँकरचं पाणी घरी नेल्यावर माझ्या आईनं ते दुसऱ्या भांड्यात काढलं आणि घागर चिंचेनं घासून घेतली, मिस्त्रींचा हात लागला म्हणून. मी बघत होतो, काही बोललो नाही. त्याच वेळी तिकडे ट्रॅक्टर गावाबाहेर पडत असणार.

ती घागर अजून आमच्या घरात आहे. बुडाला त्यांचा डाख आहे, रुपयाएवढा. रोज पाणी भरतो. गळत नाही.