लिंबूसत्त्वाचं इंधन

आमचा प्रमुख, प्राध्यापक द्रागिएव, प्रयोगशाळेत शिरला की आधी त्याच्या अत्तराचा वास येतो आणि मला शिसारी येते. त्यापेक्षा आमच्या बुर्गास शहरातल्या रिफायनरीचा वास परवडला. तो निदान गोड बोलत नाही.

रुम्याना क्योसेवा त्याच रिफायनरीतल्या फिटरची मुलगी. ठेंगणी, दणकट, तोंडाने फटकळ. भाकरीला ल्युतेनित्सा, म्हणजे मिरची-टोमॅटोची चटणी, फासून उभ्याउभ्या खायची, कारण बसलं की वेळ जातो. धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून पुन्हा इंधन करायचं, हा एकच ध्यास. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून ती एक करडी भुकटी बनवायची. काचेच्या बंद भांड्यात भुकटी, तो वायू आणि पाण्याची वाफ. वरून प्रखर दिवा. मग मिथेन, म्हणजे शेगडीत जळतो तो वायू, तयार व्हावा. तो मोजायचं यंत्र माझ्याकडे. मिथेन असला की पडद्यावर उंचवटा येतो. वर्षानुवर्षं पडदा सपाट होता आणि एक दिवस उंचवटा आला.

आमच्याकडे ज्याचं काम फत्ते झालं, त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. रुम्यानाने चीज भरलेल्या बानित्साचं भलंमोठं तबक आणलं. सगळ्यात जास्त तुकडे द्रागिएवने हाणले आणि तेलकट हातानेच वर्तमानपत्रांना फोन लावले.

रुम्याना मात्र बेचैन. भुकटी ताजी असली की भरपूर मिथेन, जुनी झाली की ठणठणाट. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. त्याने दुसऱ्यांचं जुळवायचं, आपण बोहल्यावर चढायचं नसतं. ही भुकटी तर स्वतःच संपत होती. शेवटी तिने भांड्यातून कार्बन डायऑक्साइड पूर्ण काढला आणि त्या जागी आर्गॉन भरला. आर्गॉन कशातच भाग घेत नाही. भुकटी तीच, दिवा तोच. आता पडदा सपाट राहायला हवा होता.

उंचवटा आला. जसाच्या तसा.

"लिंबूसत्त्व," ती म्हणाली.

भुकटी बनवताना त्यात लिंबूसत्त्व घालतात आणि नंतर ते जाळून टाकतात. पण फार तापवलं तर कण एकमेकांना चिकटतात, म्हणून आम्ही मंद आचेवर भाजत होतो. सत्त्वातला कार्बन आत तसाच राहिला होता आणि दिवा त्याचाच मिथेन करत होता.

"म्हणजे धुराड्यातलं काहीच नाही?" मी विचारलं.

"कणभरसुद्धा नाही. मी इतके दिवस लिंबूसत्त्व उकरत बसले होते, बये! थू!" ती खरंच बेसिनमध्ये थुंकली.

ती तशीच द्रागिएवकडे गेली. मीही मागोमाग.

"डॉक्टरबाई, गुरुवारी राजधानीतून साहेब येताहेत," तो म्हणाला. "तुमच्या नावाने कारखाना उभा राहणार आणि तुम्ही असलं अभद्र काय बोलताय?"

"कारखान्यातून निघणार काय? माझं नाव?"

"ते पुढचं पुढे बघू."

"मग माझं नाव काढा."

"आता? अहो, निमंत्रणं छापून झाली!"

तो हसला.

"मी गुरुवारी भाषण करणार नाही," बाहेर आल्यावर रुम्याना म्हणाली. "बोलले तर म्हणतील, बाई दमलीय. त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवते. तेवढं कळलं की कारखाना बारगळेल आणि माझं नावही सुटेल."

गुरुवारी पाहुणे बदाम चघळत उभे होते. रुम्यानाने सगळ्यांसमोर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बंद केला, भांडं आर्गॉनने धुऊन काढलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आता आत तो वायू नाही. त्यामुळे मिथेन येता कामा नये. आला, तर माझा उत्प्रेरक खोटा."

तिने दिवा लावला. सगळे पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने उंचवटा वर चढू लागला.

"आला, आला!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात द्रागिएवच्या.

"अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? सिलिंडर बंद आहे!" रुम्याना किंचाळली.

राजधानीच्या टकल्या साहेबाने तिचा खांदा थोपटला. "वायू नसतानाही इंधन? मग तर खर्च आणखी कमी!"

"बराच कमी, साहेब," द्रागिएव म्हणाला आणि तिच्या हातात फुलांचा गुच्छ कोंबला.

तेव्हाच तिचा बांध फुटला आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला. गुच्छ धरून ती ढसाढसा रडतेय आणि खाली छापलंय: 'शास्त्रज्ञ क्योसेवा यांना आनंदाश्रू अनावर.'