खारींवरचा आळ

मालतीबाई खोटं बोलत नाहीत, ही त्यांची साऱ्या नानपुऱ्यात ख्याती होती, आणि ती ऐकणाऱ्याला जरा तापदायकच होती. शेजारीण नवी साडी नेसून आली की या तोंडावर सांगणार, रंग तुम्हाला शोभत नाही. नवरा मुकुंद बँकेत होता. एकदा रविवारी साहेब दारात आले आणि त्यानं आतून 'नाही म्हणून सांग' अशी खूण केली. मालतीबाई सरळ म्हणाल्या, "आहेत, पण नाही म्हणून सांग म्हणताहेत." आता काय करावं अशा बाईला! सासरे मात्र सुनेवर बेहद्द खूश. अमळनेरला गणिताचे मास्तर होते. घरात कशावरूनही वाद निघाला की म्हणत, "मालती म्हणाली ना? मग झालं." आणि विषय तिथंच संपे.

त्याच सासऱ्यांची वाचा गेली. एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं आणि ज्या आवाजानं वर्गच्या वर्ग पाढे घोकत होते, त्यातून नुसतं घुं घुं निघायला लागलं. मालतीबाईंनी मारुतीला नवस केला. मामंजींना बोलतं कर, दर शनिवारी रुईच्या पानांची माळ घालीन.

रुई अंगणातच होती. अडुसष्टच्या पुरात तापीनं गाळ आणून टाकला, त्यात भिंतीच्या कडेला आपसूक उगवली. गुजराती घरमालकीण जसुबेन येताजाता बजावत, "आकडो घरमां ना रखाय," रुई घरात ठेवू नये. पण मारुतीचं झाड म्हणून मालतीबाईंनी ते उपटू दिलं नव्हतं.

मामंजींची आरामखुर्ची ओसरीवर, त्या रुईसमोरच असे. बोलता येत नाही तर बघायचं तरी, म्हणून ते दिवसभर बघत बसत. डाव्या तळहातावर शेंगदाणे ठेवून खारींची वाट पाहत. आधी खारी लांबूनच दाणे पळवायच्या, मग खुर्चीच्या दांड्यावर यायला लागल्या, आणि शेवटी थेट हातावर. रुईवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या असत, सारखं आपलं खाणं चालू. कुठली वाढली, कुठली कात टाकतेय, हे ते आल्यागेल्याला बोटानं दाखवत. एकदा पानाखाली लटकलेल्या हिरव्या कोशातून तांबूस फुलपाखरू निघालं, तेव्हा मामंजी वाकड्या तोंडानं असे हसले, की मुकुंद आत जाऊन डोळे पुसून आला.

पण अळ्यांना पानं लागतात, तशी मारुतीलाही लागतात. आणि मालतीबाईंचा कटाक्ष असा, की देवाच्या माळेत कुरतडलेलं पान म्हणून चालायचं नाही. एका शुक्रवारी दुपारी पाहतात तो माळेपुरती जेमतेम धड पानं उरलेली, आणि अळ्या त्यांच्याकडेच सरकताहेत. माळ चुकली तर नवस मोडला, आणि नवस मोडला तर मामंजींचं काय? मामंजी आत निजले होते. बाईंनी एकेक अळी चिमट्यानं उचलून डब्यात टाकली आणि डबा न्हाणीघरामागे राखेच्या ढिगावर पालथा केला. वाटलं, जातील कुठंतरी सरपटत. पण बंबातली राख नुकतीच काढलेली होती. वरून गार आणि आत निखारे. अळ्या वळवळल्या आणि थांबल्या. बाईंनी ते उभं राहून पाहिलं.

मामंजी उठून खुर्चीत बसले आणि झाडाकडे बघतच राहिले. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, झाडाकडे बोट केलं, भुवया वर नेल्या. मालतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "खारींनी खाल्ल्या, मामंजी." जन्मात पहिल्यांदा खोटं बोलल्या, आणि तेही अशा माणसाशी, ज्याला उलटून विचारता येत नव्हतं. मामंजींनी मान हलवली. मालती म्हणाली होती ना, मग झालं.

दुसऱ्या दिवशी धड पानांची माळ मारुतीच्या गळ्यात पडली. बाई देवळातून येऊन चपला काढताहेत, तोच ओसरीवरून आवाज आला, "हट!" नेहमीची खार दाणे मागायला आली होती आणि मामंजींनी तिच्यावर काठी उगारली होती. "हट! हट!" अगदी खणखणीत. मुकुंद धावत आला आणि वडिलांना मिठी मारून रडायला लागला. पेढे वाटले गेले. जसुबेन म्हणाल्या, "हनुमानदादाए सांभळ्युं," मारुतीनं ऐकलं. जो तो मालतीबाईंच्या नवसाचं कौतुक करत होता, आणि बाईंनी आपला पेढा तसाच ताटलीत ठेवून दिला.

पुढं तर कहरच झाला. डॉक्टर म्हणाले, जितकं बोलतील तितकं चांगलं. मग काय, मुकुंद स्वतःच खुर्चीजवळ दाणे पसरायला लागला, खारी याव्यात आणि वडिलांनी त्यांच्यावर ओरडावं म्हणून! 'हट'नंतर 'जा' आलं, 'चोर' आलं. प्रत्येक नव्या शब्दाचा घरात सण व्हायचा, आणि तोच शब्द मालतीबाईंच्या काळजाला डागणी द्यायचा. खरं सांगावं तर आलेली वाचा पुन्हा जाईल ही धास्ती, आणि गप्प राहावं तर रोज डोळ्यांदेखत हे. माळ ओवून झाली की बोटांना लागलेला रुईचा चीक त्या घासघासून धूत, तरी घास तोंडाशी नेताना हाताला राखेचा वास येतोय असं त्यांना वाटे. मारुतीसमोर आता त्या मान खाली घालून उभ्या राहत.

एका दुपारी मामंजींनी भिरकावलेली काठी खारीला लागली. ती कोलमडली, उठली आणि मागचा पाय ओढत कशीबशी भिंतीवर चढून गेली. मामंजींनी सुनेकडे पाहिलं. शाबासकी हवी असलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

मालतीबाई खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मामंजी, खारींनी नाही खाल्ल्या. मी मारल्या. राखेत टाकल्या मी, आणि तुमच्याशी खोटं बोलले."

मामंजी बराच वेळ काहीच बोलले नाहीत. बाईंना वाटलं, गेली, वाचा पुन्हा गेली. मग त्यांचा जबडा हलला.

"का?"

हाच आवाज परत यावा म्हणून बाईंनी देवाला साकडं घातलं होतं. "माळेला धड पानं हवी होती," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही बोलावं म्हणून."

मामंजींनी रुईकडे पाहिलं. झाडावर हिरवीगार पानं होती, एकालाही भोक नव्हतं.

"दाणे," ते म्हणाले.

बाईंनी मूठभर दाणे आणून त्यांच्या तळहातावर ठेवले. हात पुढं करून मामंजी बसून राहिले. खारी भिंतीवर आल्या, हाताकडे पाहून परत गेल्या. ऊन ओसरीवरून खाली उतरलं. हात थरथरायला लागला, तेव्हा मालतीबाईंनी आपला हात खालून लावून तो धरून ठेवला. अंधार पडेपर्यंत एकही खार खाली उतरली नाही.