बडे बाबूंच्या पोटातले चांगले जंतू

टायफॉइड बरा झाला, पण त्याच्या औषधांनी माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. तेव्हा मी पांढुर्ण्याहून रोज बसनं सौसरला जायची, एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून. सकाळी भाकर खाल्ली की पोट फुगायचं, गुडगुडायचं, आणि दुपारपर्यंत दोन-तीनदा तरी जावं लागायचं.

आमच्या कचेरीत बायकांच्या संडासाला कुलूप असे आणि चाबी बडे बाबूंच्या ड्रॉवरमध्ये. बडे बाबू म्हणजे आमचे मुख्य कारकून. बाहेरचे लोक येऊन घाण करतात, असं ते कारण सांगत. पुरुषांच्या संडासाला मात्र कुलूप नव्हतं.

"बाबूजी, चाबी द्या."

"पुन्हा? आत्ताच तर जाऊन आल्या तुम्ही. काय खाऊन राहिल्या मॅडम घरी?"

हे ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलत. एकदा वरचे साहेब तपासणीला आले, तेव्हा माझी ओळख करून देताना बडे बाबू म्हणाले, "आमच्या मॅडमचा एक टेबल इथं हाय, अन् एक तिकडे मागं." साहेब हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते, आणि त्यासाठी मी स्वतःला केव्हाच माफ केलं, बडे बाबूंना मात्र अजून नाही. रोज परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी त्यांना सुनावायची वाक्यं जुळवायची.

शेवटी पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासण्या केल्या. गंभीर काही निघालं नाही. म्हणाल्या, "अँटिबायोटिकनं वाईट जंतूंसंगं पोटातले चांगले जंतूही मरतात. ह्या प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घ्या, ह्यात चांगले जंतू असतात. पण सगळ्यांनाच लागू पडतात असं नाही. महिनाभर पाहा. फरक नाही पडला तर बंद करून टाकू."

पहिल्या आठवड्यात गॅस उलट वाढला. दुसऱ्यात काहीच नाही. चौथ्या आठवड्यात एक दिवस डबा उघडला आणि लक्षात आलं, आज सकाळपासून चाबी मागितलीच नाही. बसस्टँडवरचा चहा-समोसाही मी तेव्हा सोडला होता, त्यामुळे श्रेय नेमकं कोणाचं ते डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगेनात. मला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. मी मोकळी झाले होते आणि आता मला फक्त बडे बाबू हवे होते.

ते आपणहूनच आले. त्यांची दाढ सुजली होती, तिच्यासाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू होत्या. सोमवारी, हॉल अर्जदारांनी गच्च भरलेला असताना, ते माझ्या टेबलाशी येऊन वाकले आणि कुजबुजले, "मॅडम, ते तुमचं पोटाचं औषध कोणतं होतं जी? दाढेच्या गोळ्यांनी पार वाट लागली."

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी फक्त आवाज चढवला.

"काय म्हणता बाबूजी? पातळ होऊन राहिलं?"

"हळू बोला ना."

"लाजता काऊन? दिवसातून किती वेळा? चार की पाच?"

सगळा हॉल आमच्याकडे वळला. मग रामाकोना गावचा एक शेतकरी, अगदी मनापासून काळजीनं, म्हणाला, "बाबूजी, ताक प्या, मीठ टाकून." दुसऱ्यानं डाळिंबाची साल सांगितली. एका म्हातारीनं विचारलं, आव पडून राहिली का? बडे बाबूंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी पेन खाली ठेवलं, हात टेबलावर जोडून बसले आणि डोळे भरून पाहत राहिले.

"औषधाचं डॉक्टरांनाच विचारा," शेवटी मी म्हटलं. "आणि बायकांची चाबी तिथं खिळ्यावर टांगून द्या. तुम्हाला आता ड्रॉवरजवळ बसायला सवड कुठं मिळणार?"

चाबी त्याच दिवशी खिळ्यावर आली. तेव्हापासून कचेरीतल्या कोणत्याही बाईला ती मागावी लागली नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं. पण शुक्रवारी बडे बाबू ताजेतवाने होऊन हजर! "मॅडम, डॉक्टरनं त्याच कॅप्सूल दिल्या. दुसऱ्याच दिवशी आराम!"

दुसऱ्याच दिवशी! मी चार आठवडे पोट धरून वाट पाहिली होती. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्या दाढेच्या गोळ्या संपल्या असतील, पोट तसंही आपोआप सुधारलं असतं. पण माझं समाधान झालं नाही. निदान तीन आठवडे तरी त्यांचं पोट गुडगुडायला हवं होतं.

त्यांनी माझ्या टेबलावर घरच्या बागेतल्या संत्र्यांची पिशवी ठेवली. मी ती परत केली असं लिहायला मला आवडलं असतं. मी ती घरी नेली. संत्री गोड होती. सगळी संपवली, आणि राग तसूभरही कमी झाला नाही.